शाळेने घरात आणलेला फोन

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा, वाचकांसाठी पुन्हा लिहून काढलेला मजकूर)



स्मरणिकेसाठी व्याख्यानाचा मजकूर द्यावा, असे चिटणीस साहेबांनी कळविले, तेव्हा मला विशेष आनंद झाला. सभागृहात त्या दिवशी पुढच्या रांगांत पुरुष मंडळीच अधिक होती. स्मरणिका मात्र घरोघर जाते, आणि घरात ती आमच्या माताभगिनी व मुली वाचतात. मला जे सांगायचे आहे ते खरे तर त्यांच्यासमोरच सांगायला हवे होते. तेव्हा वाचकहो, हे आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

मी तेहेतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांतून नोकरी केली आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मी यंत्रांचा जाणकार नाही. मोबाईलचे शास्त्र मला विचाराल तर माझी नात मला शिकवील. पण मोबाईल शाळेत कसा शिरला आणि शाळेतून मुलांच्या हातात कसा गेला, हे मी जवळून पाहिले आहे. त्यात माझाही हात आहे.

आपल्या भागात मोबाईल काही २०२० साली आला नाही. घरातला कर्ता पुरुष आखातात, आणि घरी एक मोबाईल. तो अम्मीच्या उशाशी. तिकडे काही देशांत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नसे, म्हणून 'आयएमओ' घेतलेले. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बांचा फोन येणार, दोन मिनिटे प्रत्येकाने बोलायचे, आणि मोबाईल पुन्हा कपाटात. मुलाने त्याला हात लावला तर ओरडा बसे. तो अब्बांचा आवाज ऐकण्यासाठी होता. त्याचा अभ्यासाशी काडीमात्र संबंध नव्हता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलपासून राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून येऊ लागली. दररोज काही दुवे यायचे. ते 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपवर उघडायचे. कल्पना वाईट नव्हती. पण जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आले, आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला काय झाले ते आपल्याला मी सांगण्याचे कारण नाही. सुपारीच्या बागा आडव्या, घरांवर कौल नाही, विजेचे खांब रस्त्यात. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. शाळेचे वर्ष सुरू करा असा निरोप आला तेव्हा आमच्या गावात मोबाईल चार्ज करायला माणसे जनरेटरवाल्याकडे रांग लावत होती.

तरीही शिक्षक कामाला लागले, हे मला येथे नमूद केले पाहिजे. उर्दूत टंकलेखन करणे मोबाईलवर सर्वांना जमेना, म्हणून आमच्या आपा वहीवर सुवाच्य अक्षरात धडा लिहून त्याचा फोटो पाठवत. मुले टेकडीवर रेंज शोधत. सिंधुदुर्गातील दारिस्ते गावची पशुवैद्यकाची विद्यार्थिनी त्या पावसाळ्यात डोंगरावर झोपडी बांधून शिकत होती, ही बातमी आपण वाचली असेल. तसे लहान प्रमाणावर सर्वत्रच चालू होते. पालघर जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेने तर गावात ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविले. त्यांनी त्याला 'बोलकी शाळा' असे नाव दिले. त्याला ना रिचार्ज लागत होता ना रेंज. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' ही मालिका लागली. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना तिचा लाभ झाला.

पण बहुतेकांच्या वाट्याला आला तो मोबाईलच. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात आकडा आहे: शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० साली ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांत एवढी वाढ! यातले किती मोबाईल केवळ शाळेसाठी घेतले गेले असतील, याचा विचार करा. माझ्या शाळेतील एका पालकाने शेळ्या विकून मोबाईल घेतला. घ्या, असे त्याला सांगणारा मीच होतो. आणि त्याच अहवालानुसार पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण एक-तृतीयांशच होती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

इयत्ता सातवीचा ग्रुप मी स्वतः तयार केला. पालकांचे नंबर हजेरीपटावरून घेतले. ग्रुपमध्ये सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात, हे मला ठाऊक होते. पण त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नाही. वरच्या कार्यालयातून रोज विचारणा होई, किती मुले शिकतात, पुरावा पाठवा. पुरावा म्हणजे फोटो आणि व्हिडिओ. तेव्हा मी मुलांना सांगितले की, धडा वाचतानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका. निळ्या खुणा मोजून मी हजेरी मांडत होतो, आणि व्हिडिओ मोजून प्रगती.

एका हुशार मुलीने व्हिडिओ टाकला. दारातल्या ओट्यावर बसून ती वाचत होती. मागे दोरीवर कपडे वाळत होते आणि दादी तांदूळ निवडत होती. दीड मिनिटाचा व्हिडिओ असेल. उच्चार इतके स्वच्छ की मी तो वर पाठवून दिला आणि मनात म्हटले, माझ्या शाळेची अब्रू राहिली.

चार-पाच दिवसांनी तिचे मामू माझ्या घरी आले. ग्रुपमधल्या कोणा मुलाच्या थोरल्या भावाने तो व्हिडिओ उचलला होता, त्यावर सिनेमाचे गाणे चढविले होते आणि आपल्या स्टेटसला लावला होता. तेथून तो आणखी पुढे गेला. तिच्या अम्मीच्या नंबरावर रात्री-बेरात्री संदेश येऊ लागले. मामू रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "सर, आता पोरगी घरीच राहील."

मी तीन वेळा त्यांच्या घरी गेलो. तिचे अब्बा मस्कतहून फोनवर बोलले. माणूस समंजस, पण तेही म्हणाले, "सर, मी इथे, ती तिथे, मी कुणाकुणाला उत्तर देऊ?" शाळा उघडल्या, आठवीचे वर्ग भरले, ती आली नाही. आणि ज्या तरुणाने हा उद्योग केला तो कोण हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होते. त्याच्या हातून कोणीही मोबाईल काढून घेतला नाही. मुलीचा मोबाईल गेला, शाळा गेली, बाहेर पडणे गेले. त्याचे काय गेले? काही नाही. मी त्याच्या वडिलांना भेटलो नाही, पोलिसांकडे गेलो नाही, ग्रुपही बंद केला नाही. 'प्रकरण वाढू नये' हा आमचा आवडता मंत्र मीही जपला. कारण व्हिडिओ टाकायला कोणी सांगितले, हा प्रश्न मग मलाच विचारला गेला असता.

वाचकहो, मी हे सांगतो ते स्वतःची कानउघाडणी करण्याच्या हौसेने नव्हे. मोबाईल घरात आणला तो शाळेने. पाठ्यपुस्तक आम्ही मुलाच्या हातात देतो तेव्हा त्याच्याबरोबर एक शिक्षक असतो. हा मोबाईल एकटाच आला. शाळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही खडू-फळ्याकडे परत गेलो आणि मोबाईल मुलांकडे राहिला. तो कसा वापरावा, हे सांगण्याचे काम आमचे नाही असे आम्ही ठरवून टाकले.

त्याचा परिणाम २०२४ च्या 'असर'मध्ये दिसतो. ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला रोखता, म्हणजे ब्लॉक करता, येते असे सुमारे ६२ टक्क्यांनी सांगितले. आपले खाते खाजगी करता येते असे जेमतेम ५५ टक्क्यांनी. उरलेल्यांना हे कोणी शिकविले नाही. शिकवायला पाऊण तास पुरतो. आणि स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. हा फरक मला त्या ओट्यावर बसलेल्या मुलीपाशी घेऊन जातो.

मुलीपासून मोबाईल दूर ठेवला की ती सुरक्षित राहिली, ही आपल्या समाजातील समजूत आहे. समजूत प्रेमापोटी आहे, मी ती हिणवणार नाही. पण केरळ उच्च न्यायालयाचा २०१९ सालचा एक निवाडा आपल्याला माहीत असावा. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी ठराविक तासांत मोबाईल वापरण्यास मनाई होती. एका मुस्लिम विद्यार्थिनीने ते मान्य केले नाही, तिला वसतिगृहातून काढले, आणि ती न्यायालयात गेली. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे असे सांगून न्यायालयाने तिला परत प्रवेश देण्यास फर्माविले. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे होते, हे मला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते.

बंदी हा उपाय मोठ्या देशांनीही काढला आहे. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये असा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याचे बरेवाईट तेथील लोक पाहतील. आपल्याकडे घरात एक मोबाईल, खाते अम्मीच्या नावाचे, आणि ते चालवतात तिघे भावंडे. त्या खात्याचे वय तपासून काय निघणार? आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते असे तो म्हणतो. पण जी माता इंग्रजी मजकूर न वाचता 'ओके' दाबते तिच्या संमतीला काय अर्थ? सरकारी अ‍ॅप म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. 'दीक्षा'वरील लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती एका साठ्यात उघडी पडली होती, हे २०२३ च्या जानेवारीत बाहेर आले.

तंत्र वाईट आहे असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी काढू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दलही. पण तेथे आधी गुरुजी होते, मग कोड आला. हा क्रम मला मोलाचा वाटतो. बालभारतीची पुस्तके, उर्दूतलीसुद्धा, आज मोबाईलवर विनामूल्य मिळतात. नववीतल्या ज्या मुलीच्या गावात विज्ञानाचा शिक्षक नाही, तिला प्रयोग कसा होतो हे पाहायला दुसरे साधन नाही. तिच्या हातून ते काढून घेऊ नका.

संस्थेच्या शाळांतील शिक्षकांना माझी विनंती मात्र अगदी साधी आहे. वर्गाच्या ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. फक्त पालकांनी शाळेचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये जतन केलेला असावा लागतो, तेवढे पहिल्या सभेत करून घ्यावे. मुलामुलींचा चेहरा दिसेल असे काही मागवू नये. वाचन ऐकायचे तर आवाज पुरतो, आणि डेटाही कमी लागतो. वरून फोटोची मागणी आली तर मुख्याध्यापकाने पाठ टेकून 'नाही' म्हणावे. हे मला जमले नव्हते. त्रास झाल्यास १०९८ ही मुलांसाठीची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आहे. हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत. आणि ब्लॉक करणे, खाते खाजगी करणे, संकेतशब्द बदलणे हे पाऊण तासात शिकवावे, मुलींना आणि मुलांना एकाच वर्गात बसवून. दुसऱ्याचा व्हिडिओ पुढे पाठविणे हा गुन्हा ठरू शकतो, हे मुलांनी मुलींच्या समोर ऐकले पाहिजे.

मामूंच्या त्या भाचीबद्दल आपण विचाराल. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो. या वेळी मुख्याध्यापक म्हणून नव्हे, आणि बरोबर माझी पत्नी होती. त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते सांगितले की, व्हिडिओ मागणारा मी होतो. दादी बराच वेळ काही बोलली नाही, मग चहा टाकायला उठली. १७ नंबरचा फॉर्म भरून मुलगी मार्च २०२५ मध्ये दहावी झाली. अभ्यास तिने बराचसा अम्मीच्या मोबाईलवर केला.

सातवीचा तो ग्रुप मी त्याच आठवड्यात काढून टाकला. २०२० साली काढलेले असे ग्रुप आपल्यापैकी कितीजणांच्या मोबाईलमध्ये अजून चालू आहेत, आणि त्यांत आज कोण कोण आहे, हे शिक्षक बंधुभगिनींनी ही स्मरणिका खाली ठेवल्यावर एकदा उघडून पाहावे.