आपल्याच माणसांशी बोलण्याचं धैर्य



शांततेसाठी झटणारी थोर माणसं भाषणातून करुणा कशी जागवतात आणि समाज कसा हलवतात, हा आजचा विषय. मे महिन्यातल्या या वसंत व्याख्यानमालेत त्याची सुरुवात साने गुरुजींपासूनच करायला हवी. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींनी उपोषण सुरू केलं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य बांधवांना खुलं व्हावं, एवढीच मागणी होती. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटलं. हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्याआधीच्या काही महिन्यांकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. मला आधी त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

गुरुजी १९४६ च्या कार्तिकी एकादशीलाच उपोषणाला बसणार होते. आधी लोकमत जागं करावं, असा आग्रह सेनापती बापटांनी धरला. मग गुरुजी दौऱ्यावर निघाले. सोबत राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं, कलापथकाची गाणी आणि स्वतः सेनापती. महाराष्ट्रभर सभा झाल्या. समोर कोण बसलं होतं? बहुतेक सभांत सवर्ण शेतकरी, व्यापारी, शिक्षक, वारकरी. ज्यांच्या हातात गावच्या देवळाची किल्ली होती, विहिरीचा काठ ज्यांच्या ताब्यात होता, तीच माणसं. गुरुजी त्यांना परके मानत नव्हते. ते दापोली तालुक्यातल्या पालगडचे, ब्राह्मण घरातले. तुम्ही पापी आहात, असं त्यांनी म्हटलं नाही. आपल्या हातून हे पाप होतंय, असं म्हटलं. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून येई, डोळे वाहू लागत. त्या सभांमधून गावोगावी देवळं उघडली, पाणवठे खुले झाले. पंढरपूरचं दार उघडलं ते शेवटी. आधी माणसं उघडत गेली होती.

आज मला मांडायची आहे ती गोष्ट हीच. द्वेष पेरणारा वक्ताही आपल्याच माणसांपुढे बोलतो, पण बोलतो दुसऱ्यांच्या दोषांविषयी. शांततेचा वक्ता आपल्याच माणसांपुढे उभा राहून त्यांच्याच दोषांविषयी बोलतो. पहिल्याला टाळ्या लगेच मिळतात. दुसऱ्याला आधी रोष पत्करावा लागतो. म्हणून त्याच्या भाषणाला नुसती शैली पुरत नाही, मागे आचरणाचं तारण लागतं. गुरुजींच्या शब्दामागे प्राण पणाला लावण्याची तयारी होती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

दुसरे गाडगेबाबा. त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. बाबा गावात येत तेव्हा हातात खराटा असे, अंगावर चिंध्या. आल्याबरोबर झाडायला लागत. रस्ता, गटार, देवळासमोरचं अंगण. गाव उभं राहून बघे. रात्री कीर्तन. दिवसभर आपली घाण उचलणारा माणूसच बोलायला उभा राहिला, म्हणजे अर्धं कीर्तन आधीच झालेलं असे. पुढे बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत. देव कुठं राहतो, त्याला आंघोळ कोण घालतं, जो स्वतःचं रक्षण करू शकत नाही तो तुमचं काय करणार? सगळी सभा मोठ्यानं उत्तर देई. निष्कर्ष बाबा सांगत नसत. तो लोकांच्याच तोंडून बाहेर पडे, आणि स्वतःच्या तोंडून आलेलं उत्तर माणसाला सहज टाकून देता येत नाही. मग मागणी येई, तीही अगदी साधी. कर्ज काढून सण करू नका. देवापुढे बकरं कापू नका. शिवाशिव पाळू नका. घरातलं भांडं विका, पण पोराला शाळेत घाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून करता येईल, असंच ते मागत. त्यांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी इथे मुंबईतच, वांद्र्याला पोलिसांपुढे झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. ते जरूर ऐका. श्रोत्यांचा आवाज त्यात बाबांच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्दन्‌शब्द उतरवून घेत. महाराष्ट्राला रडवणाऱ्या गुरुजींनी आधी मन लावून ऐकलं होतं, हे विसरू नये. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा तेलंगणातल्या पोचमपल्लीत पोहोचले. जमिनीवरून त्या मुलखात रक्त सांडलं होतं. गावच्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सरकारकडे बोट दाखवून वेळ मारून नेली नाही. समोरच्या सभेलाच विचारलं, तुमच्यातलं कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देतो म्हणाले. भूदान तिथे सुरू झालं. पुढे लाखो एकर मिळाले. त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. भाषणानं माणूस दानाला उभा राहतो. सातबारा बदलायला मात्र चिकाटीचं काम आणि चोख कारभार लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ज्यांच्यावर अन्याय झाला, ते कुणाच्या करुणेची वाट पाहत बसले नव्हते. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हक्कानं प्राशन केलं. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. गुरुजींच्या भाषणांकडे या क्रमानं पाहायला हवं. हक्काची हाक आधी आली होती. ती ऐकण्याचं सवर्णांचं कर्तव्य सांगायला त्यांच्यातलाच एक माणूस पुढे आला, तो फार उशिरा. आणि हक्क पक्का झाला तो कायद्यानं, पुढे संविधानाच्या १७ व्या कलमानं. करुणा कायद्याची जागा घेऊ शकत नाही. पण कायदा ज्या मनांत रुजायचा, ती मनं करुणाच तयार करते.

आपल्याच माणसांपुढे उभं राहण्याचं हे धैर्य जगातही दिसतं. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री अमेरिकेत माँटगोमेरी इथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. आत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. अंगणात चिडलेला जमाव जमला, काहींच्या हातांत शस्त्रं होती. सत्तावीस वर्षांचा हा तरुण ओसरीवर आला आणि स्वतःच्याच माणसांना म्हणाला, शस्त्रं घेऊन घरी जा, सूड नको. आणि लोक परतले. १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण जगाला पाठ आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते ओसरीवरचं हे बोलणं. गांधीजीही १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत रोजच्या प्रार्थनासभेत हेच करत होते. निर्वासितांचं दुःख ते ऐकून घेत, पण त्या दुःखाचा सूड शेजारच्या मुसलमानावर काढू नका, असं त्यांच्याच तोंडावर सांगत. त्याची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

श्रोतेहो, आपलं भांडुप हे कष्टकऱ्यांचं गाव. डोंगरउताराच्या चाळींत, कोकणनगरात, टेंभीपाड्यात कोकणातला, घाटावरचा, उत्तरेतला, दक्षिणेतला माणूस भिंतीला भिंत लावून राहतो. मंडळाचा मांडव, सोसायटीची सभा, गाववाल्यांची बैठक, मोबाईलवरचा आपला गट, ही आपली व्यासपीठं. तिथेच कुणीतरी पलीकडच्या गल्लीविषयी, दुसऱ्या जातीविषयी, दुसऱ्या धर्माविषयी विषारी बोलतो आणि आपण गप्प बसतो. कारण बोलणारा आपलाच असतो.

तिथे बोला. आवाज न चढवता, नाव घेऊन, समोरासमोर. बोलण्याआधी पलीकडच्या घरी एकदा जाऊन, त्यांचं म्हणणं ऐकून या. आणि शेवटी श्रोत्यांकडून एक साधी, उद्या करता येईल अशी गोष्ट मागा. नळावरचा तंटा असो, भाड्यानं घर नाकारणं असो, सणाच्या मिरवणुकीची वाट असो, समेटाचं पहिलं वाक्य आपल्याच बाजूनं यायला हवं. पुढच्या वर्षी व्याख्यानमाला भरेल तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाकडे अशा एका भाषणाचा अनुभव सांगण्यासारखा असावा, एवढी माझी मागणी आहे.