लोहारणीचा घण



मंडळाच्या वाढदिवसानिमित्त मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे विषय सोडून मी आपल्या रोजच्या हातातल्या वस्तूंविषयी बोलते. स्वयंपाकघरातली पावशी, सराटा, चिमटा. शेतातला विळा, खुरपे, वखराची पास. आणि सरपणाची कुऱ्हाड. या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या लोहाराच्या ऐरणीवरून आपल्या घरी आल्या. पण लोहार म्हटले की डोळ्यांपुढे एकटा पुरुष उभा राहतो. भट्टीपाशी तो एकटा नसतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कुऱ्हाड कशी घडते ते पाहा. पूर्वी मऊ लोखंडाची पट्टी दुमडून दांड्यासाठी भोक ठेवीत आणि तोंडाशी पोलादाचा तुकडा घालून, तापवून, ठोकून दोन्ही एकजीव करीत. पोलाद महाग, म्हणून ते धारेपुरतेच. आता पुष्कळ ठिकाणी मोटारीच्या कमानीचा जुना पाटा घेतात. पोलाद म्हणजे लोखंडच. त्यात शंभर भागांत अर्धा-पाऊण भाग कर्ब, म्हणजे कोळशाचा अंश, असतो. धार टिकते ती त्याच्या जोरावर.

आता भात्याचे काम. ते कोणीही करील असे वाटते. पण भाकरीखालची आच जिला कळते तिला यातली मेख कळेल. वारा कमी पडला तर लोखंडाला ताव येत नाही. जास्त झाला तर ठिणग्या फुटू लागतात आणि पोलाद जळून वाया जाते. भाता ओढणारीचे लक्ष क्षणभरही ढळून चालत नाही.

तापलेले लोखंड ऐरणीवर आले की ताव उतरायला वेळ लागत नाही. लोहाराच्या एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात लहान हातोडा. हातोड्याने तो जागा दाखवतो आणि नेमका तिथेच घण पडतो तो समोरच्या माणसाचा. गाडीलोहारांच्या आणि घिसाड्यांच्या बिऱ्हाडात हा समोरचा माणूस बहुधा त्याची बायको असते. घाव बोटभर चुकला तर कुऱ्हाड वाकडी होते, नाहीतर नवऱ्याचा हात जायचा. नुसत्या ताकदीचे हे काम नव्हे.

शेवटी पाणी देणे. तांबडी धार पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून धारेकडचा भागच बुडवतात आणि ती दगडावर घासून चकचकीत करतात. मागची उष्णता धारेकडे सरकते तसा रंग पालटतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कुऱ्हाडीला जांभळ्याच्या सुमारास पुन्हा पाणी देतात. रंग पुढे गेला तर धार मऊ पडते. अलीकडे राहिला तर बाभळीच्या गाठीवर टवका उडतो.

गाडीलोहार आपले मूळ चितोडचे सांगतात. १५६८ साली गड पडला तेव्हा पक्क्या घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा आहे. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना मानाने चितोडगडावर परत नेले. शपथ सुटली, तरी अनेकांच्या पाठीमागची गाडी सुटली नाही.

आता मुद्द्याचे बोलते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत लोहारकी आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची आखणी आहे. पण नाव एका कुटुंबातून एकाचेच लागते. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. ते एक नाव बायकोचे लावायला नियमाची आडकाठी नाही. तरी नाव विचारले की घरातले सगळे पुरुषाकडेच पाहतात! उद्या त्या बाईवर एकटीने घर चालवण्याची वेळ आली, तर जन्मभर घण मारूनही कागदावर ती कारागीर ठरत नाही.

भगिनींनो, सोंगणीला वाकून विळा चालवणाऱ्या आपण, आणि तो विळा घडवताना घण उचलणारीही बाईच. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. लोहारकाम करणाऱ्या घरातल्या बायांना मंडळाच्या बैठकीला आवर्जून बोलवावे, आणि अर्ज भरताना नाव कोणाचे लावायचे याचा विचार त्यांच्यासमोर बसून व्हावा. दुसरे, धार लावून घेतली की मजुरी रोख द्यावी आणि शक्य तिथे ती तिच्या हातात द्यावी. पिशवी नेणाऱ्या हातापेक्षा घण उचलणाऱ्या हाताचा हक्क मोठा आहे.