दुपेडी किती घट्ट असावी?



डीएनए किंवा आरएनएचे दोन पेड एकमेकांशी जुळले की दुपेडी बनते. तिची पकड मोजायची रीत साधी आहे. क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये द्रावण घ्यायचे, त्यातून २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा आणि तापमान अंशाअंशाने चढवायचे. पेड सुटू लागले की द्रावण जास्त प्रकाश शोषते. ज्या तापमानाला निम्म्या दुपेड्या सुटतात, तो वितळणांक.

ही पकड मुलांच्या जिवाशी कशी निगडित आहे, ते नुसिनर्सेन या औषधात दिसते. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारात एक प्रथिन कमी पडते आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जातात. त्याच प्रथिनाचे दुसरे जनुक शरीरात असते, पण त्याच्या आरएनएमधला सातवा तुकडा बहुधा गळतो. नुसिनर्सेन हा १८ घटकांचा पेड त्या आरएनएवर नेमक्या जागी बसतो आणि तुकडा गळू देत नाही. तिथली दुपेडी सुटली, तर औषधाचा उपयोग संपला.

साधा डीएनए इथे चालत नाही, विकरे त्याचा फडशा पाडतात. म्हणून फॉस्फेटवरच्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवले. विकरांना आळा बसला, पण अशा प्रत्येक बदलामागे वितळणांक साधारण अर्ध्या अंशाने उतरतो. ही तूट पेडातल्या शर्करेत बदल करून भरून काढली. तिच्या दुसऱ्या कार्बनवर मेथॉक्सीएथिल गट जोडला की तिचे वलय आरएनएशी जुळणाऱ्या ठेवणीत आधीच वळून राहते आणि पकड वाढते. शिवाय अशा दुपेडीतला आरएनए कापायला पेशीतले विकर धजत नाही. इथे तो शाबूत राहणेच हवे असते. एवढासा गट इतकी कामे करतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

मग पकड आणखी का वाढवू नये? शर्करेत पूल बांधून तिला जखडणारे ‘लॉक्ड’ घटक १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपान आणि डेन्मार्कमध्ये तयार झाले. असा एकेक घटक वितळणांक दोन ते आठ अंशांनी चढवतो. पण ते घातलेल्या काही पेडांनी उंदरांच्या यकृताला इजा केली. फार घट्ट पेड अर्धवट जुळणाऱ्या परक्या आरएनएलाही चिकटून बसू शकतो. वितळणांक चढला म्हणजे औषध सुधारले, हे मला मान्य नाही.

नुसिनर्सेनला अमेरिकेत डिसेंबर २०१६मध्ये मान्यता मिळाली. तान्ह्या मुलांवरील चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी शेकडा आठ मुले आधाराशिवाय बसू लागली. औषध न मिळालेल्या गटात एकही नाही.