एका ऑपरेशनची वर्गणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)

मी सातवी शिकलेली बाई. भाषण माझा प्रांत नव्हे. नववीतल्या त्या मुलीसाठी आपण पैसे कसे उभे केले, तेवढे सांगते.

शाळेतून सायकलने येताना तिला गाडीने उडविले. मांडीचे हाड मोडले. मामा अकोल्याचे, म्हणून रात्रीच अमरावतीहून तिकडे नेले. ऑपरेशनआधी अनामत भरायची होती आणि बाप रोजमजुरीवर.

आपण दहाजणी घरोघर फिरलो. काही दारांत पहिला प्रश्न, "कोणाची पोर?" जात विचारण्याची ही रीत आपल्याला ठाऊकच आहे. मी म्हणे, "शाळेची." भाजीवालीने मात्र काही न विचारता गल्ल्यातले पन्नास रुपये काढून दिले. संक्रांतीच्या वाणाचे पैसेही आपण त्यातच घातले. तीन दिवसांत 31,400 रुपये जमले.

मुलीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मायबाई, माह्या पोरीचं नाव कोनाले सांगू नोका. उद्या तिचं लगन व्हाचं हाय." म्हणून पावतीवर 'एका विद्यार्थिनीच्या ऑपरेशनसाठी' इतकेच लिहिले. फोटो लावला असता तर अधिक जमले असते, असे काहीजणी म्हणाल्या. जमले असते, पण पोरीला त्याच गल्लीतून शाळेत जायचे आहे.

आता कामाचे ऐका. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. 2022 च्या निर्णयाप्रमाणे अपघातानंतर ऑपरेशन करावे लागले, तर प्रत्यक्ष खर्चापोटी जास्तीत जास्त 1 लाख रुपये मिळतात. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. मला हे शाळेतल्या बाईंनी सांगितले. हा पैसा मागाहून येतो आणि दवाखान्याला आधी लागतो, म्हणून वर्गणी हवीच. पण बिले, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचे कागद पहिल्या दिवसापासून एका पिशवीत जपा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, हे अनामत भरण्याआधीच विचारून घ्या.

अनुदान आल्यावर ती माउली वर्गणी परत द्यायला आली. आपण नको म्हटले, ती ऐकेना. अखेर 20,000 रुपये तिने मंडळाच्या खात्यात भरलेच, पुढच्या लेकरासाठी म्हणून. सारा हिशेब दाराशेजारी लावला आहे, जाताना पाहून घ्यावा. पावतीपुस्तक सध्या माझ्या घरी आहे.