पाडव्याचा सोपा



शिमगा सरला. रंगपंचमी झाली. आता दहा-अकरा दिवसांत पाडवा येईल. चैत्र महिन्याचा पहिला दिवस. आपल्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. आंब्याला मोहोर आहे. कडुलिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटली आहे. बांधावरचा पळस लालेलाल झाला आहे. झाडं सजली. आता आपला सोपा सजवायचा. त्याविषयी आज आम्ही तुमच्याशी चार गोष्टी बोलणार आहोत.

सोपा, ओटा आणि अंगण म्हणजे घराचं तोंड. पाहुणा आधी तेच पाहतो. आणि आपल्या सातारा-सांगलीकडे चैत्रात पाहुण्यांना तोटा नसतो. गावोगाव जत्रा भरतात. मुंबईला माथाडी कामाला गेलेली माणसं गावी येतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. तीही जत्रेला घर गाठतात. माण तालुक्यात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची मोठी यात्रा असते. कावडी घेऊन माणसं लांबून चालत येतात. ती आपल्या दारावरून जातात. तेव्हा सोपा नुसता आपल्यासाठी सजवायचा नसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी सजवायचा असतो.

सजावट म्हटलं की काही जण आधी पाकीट चाचपतात. त्याची गरज नाही. पाडव्यासाठी कर्ज काढू नका, उधारीही करू नका. लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या गावातच असतात.

पहिलं काम झाडण्याचं. कोपऱ्यातली जळमटं काढा. सोप्यावर ठेवलेली खताची रिकामी पोती, औषधाचे डबे, मोडकं औत बाजूला करा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पुन्हा काही भरू नका. तो पोरांच्या हाती लागू देऊ नका. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन करत. त्यांच्या नावाने २०००-०१ साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ते सुरू करणारे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे आपल्याच सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातलं अंजनी हे त्यांचं गाव. त्या अभियानात कितीतरी गावांनी खराटा हाती घेतला. घरच्या सोप्याला मात्र अभियानाची वाट पाहायला नको.

मातीचं घर असेल तर भुई सारवा. भिंतीला चुना द्या. चुन्याबद्दल थोडं थांबून सांगतो. चुन्याची कळी पाण्यात पडली की पाणी रटरटा उकळतं. ते अंगावर उडतं. डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. म्हणून कळी लोखंडी पिंपात भिजवा. प्लॅस्टिकची बादली त्या उष्णतेने टिकत नाही. आधी पाणी भरा, मग त्यात थोडी थोडी कळी सोडा. कळीवर वरून पाणी ओतू नका. पोरांना लांब ठेवा. रात्रभर भिजू द्या. सकाळी फडक्याने गाळा. त्यात थोडा डिंक घाला, म्हणजे चुना अंगाला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की भिंत पांढरी शुभ्र दिसते. चुना डोळ्यात उडालाच, तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता पुष्कळ घरं सिमेंटची झाली. ओट्याला फरशी आली. तिथं सारवण नाही, चुना नाही. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पण फरशीबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या. चिकटवायची रांगोळी आणि प्लॅस्टिकचं तोरण. आम्हांला काही ती आवडत नाहीत. प्लॅस्टिकचं तोरण दिवाळीला बांधतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी सोडत नाही. त्याच्यावर धूळ बसते, कोळी घर करतो. आंब्याच्या पानांचं तोरण सुकतं, म्हणून तर ते बदललं जातं. दाराकडे मग कुणाचं तरी लक्ष राहतं.

तोरणाला जून, हिरवी पानं घ्या. एक एक पान खुडा. मोहोराची डहाळी मोडू नका. मोहोर मोडला म्हणजे तेवढे आंबे गेले. पानं सुतळीत ओवा. मध्ये झेंडूचं फूल मिळालं तर घाला. झेंडू महाग असेल तर पळसाची फुलं आहेतच, ती फुकट मिळतात.

अंगणात सडा घालायचा. इथं मात्र सगळ्या गावांना एकच गोष्ट सांगता येत नाही. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, कऱ्हाडकडे पाण्याची फारशी ददात नाही. पण माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत कितीतरी गावांनी टँकरच्या पाण्यावर चैत्र काढलेले आहेत. जिथं पाणी तुटपुंजं, तिथं पिण्याचं पाणी अंगणात शिंपू नका. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवा. तेवढ्याने धूळ बसते. सडा थोडा झाला म्हणून पाडवा रुसत नाही.

सड्यावर रांगोळी. बायांनो, तुमच्यापैकी कुणी वर्गाला येताना म्हणतात, “आता या वयात माझा हात कुठला वळणार?” आम्ही विचारतो, रांगोळी कोण काढतं? ठिपके मोजून मांडता. अकरा ते एक, नाहीतर सात ते चार. एकही ठिपका चुकत नाही. मग चिमटीतून सारखी धार सोडत रेघ वळवता. गोल काढता, कमान काढता. आपली अक्षरं तरी दुसरं काय आहेत? रेघ, गोल आणि कमान. काही घरांत चैत्रभर अंगणात चैत्रांगण काढतात. त्यात गुढी, तुळस, गाय, कासव, चंद्र, सूर्य अशी चित्रं असतात. हा हात पाटीवर अडखळतो तो नुसत्या भीतीने.

गुढीचं तुम्हांला आम्ही काय शिकवावं! कळकाची काठी, खण किंवा साडी, कडुलिंबाची डहाळी, आंब्याचा टाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा गडू. ती सकाळी उभी करायची आणि दिवस मावळायच्या आत उतरायची. एकच गोष्ट सांगतो. गुढी उभारण्याआधी मान वर करून बघा. विजेची तार जवळ असेल तर तिथं गुढी उभारू नका. लोखंडी पाइप तर वापरूच नका. ओल्या काठीतूनही वीज उतरते. गच्चीवर गुढी उभारणाऱ्यांनी जास्त जपावं.

इथवर वस्तूंचं बोललो. आता माणसांचं बोलू.

तोरण ‘या’ म्हणतं. पण कुणाला? जुन्या काळी सोपा बघून माणसाची जात कळायची. कुणी घोंगडीवर बसे. कुणी ओट्याच्या पायरीवर बसे. कुणी अंगणातच उभा राही. त्याचा कप वेगळा. कानतुटका. तो वळचणीला खोचलेला असे. दारावर तोरण असे आणि वळचणीला तो कप असे.

आपल्याच सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट ऐका. १९०१ सालची आहे. साताऱ्यात एक मुलगा शाळेत शिकत होता. त्याचं नाव भीमराव. पुढे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. १९०० साली ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं होतं. म्हणून तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत मुलांना भेटीला बोलावलं होतं. मुलं आनंदाने निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट. आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घरचं कुणी न्यायला आलेलं नव्हतं. पत्र वेळेवर पोचलं नव्हतं. स्टेशन मास्तरने आधी मायेने विचारपूस केली. जात कळली तसा तो मागे सरला. गाडीवान बसवून न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ शिदोरी होती. पाणी नव्हतं. वाटेत पाणी मागितलं, ते मिळालं नाही. मुलं रात्रभर तशीच राहिली. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

मसूर आपल्या कऱ्हाड तालुक्यात आहे. त्या वाटेवर घरं असतील. त्या घरांना सोपे असतील. अंगणात रांगोळ्याही निघत असतील. एका तांब्याभर पाण्यावाचून त्या सगळ्याला काय अर्थ राहिला?

१९५० साली आपलं संविधान लागू झालं आणि अस्पृश्यता बंद झाली. १९५५ साली ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आला. वळचणीचा कप गेला. बहुतेक ठिकाणी गेला, असं म्हणू. मनाची वळचण कुणाला दिसते? तेव्हा यंदा पाडव्याला सोप्यावर पाण्याचा माठ ठेवा. माठ चुंबळीवर नीट बसवा, झाकण घाला, पाणी काढायला ओगराळं ठेवा. भांडं एकच ठेवा. येणारा कुणीही असो, तेच भांडं. कावडीवाला असो, ऊसतोडीचा गडी असो, गल्लीतला शेजारी असो. ओट्याच्या कडेला एका परळात पाखरांसाठीही पाणी ठेवा.

आणखी एक माणूस आहे. ते घरातलंच आहे. ते कधी कधी आपल्या डोळ्यांआड राहतं. पाडव्याच्या पहाटे सर्वांआधी उठून सडा कोण घालतं? पुष्कळ घरांत एखादी विधवा सासू, जाऊ नाहीतर नणंद. रांगोळी तिची. सारवण तिचं. गुढीची पूजा सुरू झाली, हळदीकुंकवाचं तबक निघालं, की ती मुकाट्याने आत जाते. कुणी तिला ‘जा’ म्हणत नाही. ‘थांब’ही म्हणत नाही.

सांगलीच्या शेजारीच कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. तिथं हेरवाड नावाचं गाव आहे. २०२२ साली मे महिन्यात त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. त्याचं पुढचं काम घरोघरच्या सोप्यावर व्हायचं आहे. मुलांनो, सुनांनो, यंदा गुढीला पहिलं कुंकू आईच्या हातून लावा. तिला हाक मारायला कुणाची परवानगी लागत नाही. ती नको म्हणेल. वर्षानुवर्षांची सवय आहे. दुसऱ्यांदा हाक मारा.

आता शेवटचं काम. ते तुम्ही वर्गात शिकलात त्याचं आहे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली. १९७२ साली तिला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. त्या दिवशी सारं गाव नटे. ज्यांनी कधी लेखणी धरली नव्हती ती माणसं चारचौघांत वाचून दाखवत.

तुम्हीही आता नाव लिहू शकता. मग दारावर लिहा. आज पुष्कळ दारांवर एकट्या कर्त्या पुरुषाचं नाव असतं. रोज दार झाडणारीचं नसतं. दोघांची नावं लिहा. म्हातारी आई असेल तर तिचंही लिहा. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावरही नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज लिहायला आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात शिकवू. दारावर लिहायला मात्र अर्ज लागत नाही.

चौकटीच्या बाजूला हातभर जागा निवडा. तिथं चुना द्या. गेरू पाण्यात दाट कालवा, त्यात थोडा डिंक घाला. दोरी ओढून सरळ रेघ आखा. आधी खडूने नाव लिहून बघा. मग बारीक कुंचल्याने गिरवा. काना-मात्रा-वेलांटी तपासायला शेजारच्या शाळेतल्या पोरीला बोलवा, तिला फार आनंद होईल. आणि चुना वाळायला एक पुरा दिवस द्या. ओल्या चुन्यावर गेरू फिसकटतो.