आदेश प्रत्येक दारापर्यंत

डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळणाऱ्या मंडळींशी आज बोलायचंय. मुख्य केंद्रातला डेटा एफसीआयपीवरून, म्हणजे फायबर चॅनलच्या फ्रेम आयपीत घालून, दूरच्या डीआर साइटला जातो, त्यासाठी तुम्ही क्यूओएस लावता. म्हणजे इंटरफेसवर डीएससीपीचा आकडा टाकता आणि काम झालं म्हणता. अहो, काम तिथून सुरू होतं!

पिण्याच्या पाण्याचं आवर्तन आठवा. धरणावर आदेश निघतो, पाणी सुटतं. पण वाटेत चाऱ्यांची दारं उघडी राहिली, तर टेलच्या गावाचा तलाव कोरडाच. आदेश दारादारावरच्या पाटकऱ्याला कळायला हवा, आणि त्याने तो पाळायला हवा. पॅकेटच्या हेडरमधले डीएससीपीचे सहा बिट म्हणजे नुसता आदेश. वाटेतला प्रत्येक राउटर, प्रत्येक स्विच तो पाळतोय का, हे कोणी पाहिलंय? ज्या पोर्टवर ट्रस्ट लावलेला नाही, तिथे काही स्विच आकडा पुसून सरळ शून्य करतात. पुढे तुमचा डेटा चारचौघांच्या रांगेत.

फायबर चॅनलला रांगेतली ही गळती सोसत नाही. तिथे समोर बफर मोकळा असल्याशिवाय फ्रेम निघतच नाही. आयपीच्या वाटेवर रांग भरली की पॅकेट टाकून दिलं जातं. टीसीपी ते पुन्हा पाठवतो, पण वेगही आवरतो. रेप्लिकेशन सिंक्रोनस असेल, तर इकडे खातेदाराचा व्यवहार अडकून बसतो.

सिस्कोच्या एमडीएस स्विचवर एफसीआयपीच्या कंट्रोल आणि डेटा जोडण्यांना वेगळे आकडे देता येतात. न दिल्यास दोन्ही शून्य. कंट्रोलला वरचा द्या. पाटकऱ्याला निरोप पाण्याआधी मिळायला हवा ना? मात्र ४६ देऊ नका, तो फोनवरच्या आवाजासाठी रूढ आहे.

पुन्हा सांगतो, कारण इथेच चुकतं: एका टोकाला लिहिलेला आकडा म्हणजे क्यूओएस नव्हे. मधलं प्रत्येक दार तपासा. पलीकडच्या टोकालाही आकडा वेगळा लिहावा लागतो, पोचपावत्या तिकडून येतात. शिवाय भाड्याच्या एमपीएलएस लिंकवर पुरवठादार किती वर्ग देतो, आणि त्याच्या वर्गांशी आपले आकडे कसे... वेळ संपत आली. तो विषय मोठा आहे. तूर्त दूरच्या टोकाला पॅकेट कॅप्चर लावा आणि तुमचा आकडा तिथे शाबूत पोचतोय का, ते आजच बघा.