मोटार, दुरुस्तीखाना व गिऱ्हाईक

मोटार विकत घेणें हें एका दिवसाचें काम. ती सांभाळणें हें दहा-पंधरा वर्षांचें. घेण्याच्या दिवशीं विक्रेत्याच्या शोरूममध्यें गिऱ्हाइकाला खुर्ची मिळते, पेढे मिळतात, गाडीला हार घातला जातो. सहा महिन्यांनीं तोच मनुष्य तीच गाडी घेऊन त्याच विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरच्या दारांत उभा राहतो, तेव्हां स्वागत करणारा निराळा असतो आणि बोलण्याची तऱ्हाही निराळी असते. गाडी घेतांना रंगाची चौकशी तासभर चालते. दुरुस्तीखाना कोठें आहे व कसा आहे, हें विचारण्यास मात्र बहुतेकांना सवड होत नाहीं.

दिव्यासारख्या वस्तींत ही उणीव अधिक जाणवते. मुंब्रा व कोपर यांच्या दरम्यान खाडीच्या बाजूला वसलेलें हें गांव रेल्वेच्या जोरावर वाढलें. वसईकडे व पनवेलकडे जाणारे लोहमार्ग येथूनच फुटतात. ठाण्यास लोकलनें जावयाचें तर मध्यें मुंब्रा व कळवा हीं दोनच स्टेशनें. पण मोटारीनें जावयाचें झाल्यास आधीं शीळफाटा गांठावा लागतो आणि मग मुंब्र्यावरून ठाण्याची वाट धरावी लागते. दातिवली, आगासन, साबे, बेतवडे या जुन्या गांवठाणांभोंवतीं इमारती उठल्या, त्यांत नोकरदार कुटुंबें आलीं, आणि त्यांतील कित्येकांनीं बँकेचें कर्ज काढून गाडी घेतली. असा मनुष्य सकाळीं कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा ठाण्यास गाडी सोडतो व तसाच कामावर पळतो. गाडी एका दिवसांत न मिळाली, तर त्याच्या खेपा सुरू होतात, आणि प्रत्येक खेपेला अर्धी रजा जाते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस कापला जातोच.

कायद्याच्या दृष्टीनें दुरुस्तीस दिलेली गाडी म्हणजे दुसऱ्याच्या हातीं विश्वासानें सोंपविलेली वस्तु होय. याविषयींचा करार कायदा १८७२ सालचा, म्हणजे मोटारी या देशांत येण्यापूर्वींचा. घड्याळजीकडे दिलेल्या घड्याळाला तो जितका लागू, तितकाच आज मोटारीलाही लागू आहे. साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी सोंपविलेल्या मालाची घेतली पाहिजे, असें त्याचें १५१ वें कलम सांगतें. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी पुष्कळ ठिकाणीं लावलेली दिसते. तिचा धाक बाळगण्याचें फारसें कारण नाहीं. एका हॉटेलाच्या ताब्यांतून चोरीस गेलेल्या मोटारीच्या खटल्यांत, स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा कलमांनीं झटकतां येत नाहीं, असाच विचार सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं मांडला.

त्याच कायद्याचें १७० वें कलम मात्र दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूचें आहे, व तें पुष्कळांना ठाऊक नसतें. मेहनत किंवा कौशल्य खर्चून काम केलें असेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तु अडवून ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणून रागाच्या भरांत 'बिल देत नाहीं, काय करायचें तें करा' असें म्हणून घरीं निघून जाणें गिऱ्हाइकाला महाग पडतें. गाडी त्यांच्या आवारांत धूळ खात राहते, आणि पुढें कधीं कधीं जागेचें भाडेंही मागितलें जातें. बरी रीत अशी कीं, बिलाच्या प्रतीवर 'हरकत राखून रक्कम दिली' असें लिहावें, तारीख घालावी, पैसे भरावे व गाडी सोडवून न्यावी. तक्रार पुढें चालविण्यास त्यानें बाध येत नाहीं.

सगळ्या प्रकरणाचा पाया घातला जातो तो जॉब कार्डावर. समजा, आगासन रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांची गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्यें धक्के देते. ते सर्व्हिस ॲडव्हायझरला हें दहा मिनिटें समजावून सांगतात. तो मान डोलावतो आणि कार्डावर लिहितो, 'सर्वसाधारण तपासणी.' गृहस्थ सही करतात. संध्याकाळीं गाडी धुवून, पुसून, सुगंधी फवारा मारून परत मिळते, धक्का तसाच. दुसऱ्या वेळीं तेंच, तिसऱ्या वेळीं तेंच. सहा महिन्यांनीं प्रकरण हातघाईवर येतें, तेव्हां विक्रेता शांतपणें तीन कार्डें पुढें करतो आणि म्हणतो, 'या तक्रारीची नोंद आमच्याकडे कोठेंच नाहीं.' त्याचें म्हणणें कागदापुरतें खरें असतें. म्हणून तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: केव्हां होते, किती वेगांत होते, इंजिन गार असतां कीं तापल्यावर. किलोमीटरचा आंकडा, टाकींतील इंधन व अंगावरचे ओरखडे यांची नोंद घ्यावी. शक्य असेल तर कारागिराला शेजारीं बसवून तो धक्का प्रत्यक्ष दाखवावा; कारण ॲडव्हायझर व कारागीर यांच्यामध्यें निरोप पोंचेपर्यंत निम्मा गळून जातो. तीच तक्रार पुन्हां उद्भवली तर 'पूर्वींचीच तक्रार, दुसरी वेळ' असे शब्द कार्डावर आलेच पाहिजेत. कार्डाची प्रत न घेतां आवाराबाहेर पडूं नये.

बिलाच्या बाबतींतही हीच सावधगिरी हवी. 'फ्री सर्व्हिस' या शब्दांत बहुधा मजुरी तेवढी फुकट असते. तेल, फिल्टर व किरकोळ सामान यांचे पैसे पडतात, आणि हें योग्यच आहे. पण त्याबरोबर इंजिन आंतून धुणें, थंड हवेच्या नळ्या शुद्ध करणें, अंगावर लेप चढविणें अशीं कामें न विचारतां बिलांत शिरलेलीं आढळतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत किती किलोमीटरांनीं काय करावें, याचा तक्ता दिलेला असतो. ती पुस्तिका पुष्कळ घरांत गाडीच्या खणांतून बाहेरच निघत नाहीं! तक्त्यांत नसलेलें काम सुचविलें गेलें तर कारण विचारावें, अंदाजपत्रक लेखी घ्यावें, आणि फोनवरून संमति दिलीच तर लगेच दोन ओळींचा संदेश पाठवून ती किती रकमेपुरती होती हें नमूद करावें. पैसे देऊन बदललेले जुने भाग परत मागावे. पावती न देणें ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथाच ठरविली आहे.

'बाहेर कोठें हात लावलात तर वॉरंटी संपली' हा धाक सर्वांच्या परिचयाचा आहे. मोटार कंपन्या सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळूं देत नाहींत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं निकाल दिला आणि चौदा कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. दंडावरून पुढें वरच्या न्यायासनांपुढें वाद झाले. पण त्या निकालांतील एक सूचना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: स्वतंत्र गॅरेजांत काम करून घेतलें एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनीं घालूं नये, त्या गॅरेजाच्या चुकीनें बिघाड झाला असेल, तर गोष्ट निराळी. असें असलें तरी वॉरंटीच्या मुदतींत बाहेर काम करवून घेण्यापूर्वीं तिच्या अटी वाचलेल्या बऱ्या. कारण हक्क असणें आणि तो काउंटरवर उभें राहून मिळविणें यांत बरेंच अंतर आहे.

खाडीकांठच्या वस्तीला आणखी एक संकट असतें, तें पाण्याचें. २६ जुलै २००५ च्या पावसानें ठाणें-कल्याणच्या पट्ट्यांत काय केलें, हें तेथील लोक विसरलेले नाहींत. आणि एऱ्हवींही भर पावसांत सखल भागांत पाणी सांचतें. पाण्यांत उभी राहिलेली गाडी सुरू करण्याचा मोह अनावर होतो. पण इंजिनांत पाणी गेलें असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. हें नुकसान साध्या विम्यांत विमा कंपन्या पुष्कळदां नाकारतात. त्यासाठीं इंजिन-संरक्षणाची निराळी जोड घ्यावी लागते. अशा गाडीची किल्ली न फिरवितां ती ओढून न्यावी, पाणी कोठपर्यंत चढलें होतें याचीं छायाचित्रें काढावीं, विमा कंपनीस तत्काळ कळवावें, आणि सर्व्हेअरनें पाहण्यापूर्वीं इंजिन उघडूं देऊं नये. नाहीं तर दुरुस्तीखाना विमा कंपनीकडे बोट दाखवितो, विमा कंपनी दुरुस्तीखान्याकडे, आणि गाडी तोंवर गंजत राहते.

तोंडी बोलून भागलें नाहीं, कीं लेखी पत्र हवें. पहिलें सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकास, दुसरें कंपनीच्या ग्राहक विभागास. पत्रांत विशेषणें नसावीं, तारखा असाव्या. कोणत्या दिवशीं गाडी दिली, काय सांगितलें गेलें, काय झालें नाहीं, आणि आतां किती दिवसांत काय करून हवें, एवढें पुरे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथें नोंद केल्यावर तक्रार कंपनीपर्यंत पोंचविली जाते, आणि कित्येक प्रकरणें तेवढ्यावरच मिटतात.

जबाबदार कोण, विक्रेता कीं कारखानदार, हा प्रश्न येथें येतो. गोव्यांतील एका ग्राहकानें २०११ सालची गाडी म्हणून पूर्ण किंमत भरली. हातीं आली ती २००९ सालीं तयार झालेली व ६२२ किलोमीटर चाललेली. ग्राहक न्यायासनांनीं विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्स या कंपनीलाही जबाबदार धरलें होतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कंपनीला मोकळें केलें: विक्रेता हा कंपनीचा गुमास्ता नसून स्वतंत्र व्यापारी होता, आणि त्याच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असें सिद्ध झालें नव्हतें. दोष विक्रेत्याच्या माथीं राहिला. यावरून असें दिसतें कीं, तक्रारींत दोघांनाही सामील केलें तरी कोणाचा दोष कोणता, हें वेगवेगळें मांडलें पाहिजे. गाडीच मूळची सदोष आहे, असें म्हणावयाचें असल्यास त्यासाठीं तज्ज्ञाचा पुरावा बहुधा लागतो; २०१० सालच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीवरच सारें सोंपविलें. उलट, दुरुस्ती नीट झाली नाहीं, एवढेंच म्हणणें असेल तर तींच जॉब कार्डें मोठें काम करतात.

मागणी किती करावी, यांतही तारतम्य लागतें. संतापलेला ग्राहक एकदम नवी गाडी मागतो. मारुती कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणांत क्लचचा दोष होता. वॉरंटीनें सदोष भाग दुरुस्त करण्याचें किंवा बदलून देण्याचें वचन दिलें आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरविलें. दुरुस्ती विनामूल्य करून मिळावी, घेतलेलें बिल परत मिळावें, खोळंब्याबद्दल व खर्चाबद्दल अमुक रक्कम मिळावी, अशी मोजकी मागणी लवकर पदरांत पडते.

जिल्हा ग्राहक आयोगापुढें वकील असलाच पाहिजे असें नाहीं. पूर्वीं, १९८६ च्या कायद्याखालीं, प्रतिपक्ष जेथें असेल किंवा प्रकार जेथें घडला असेल तेथें जावें लागे. २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यांतही दाद मागतां येते. म्हणजे गाडी पुण्यास दुरुस्त करविलेली असली, तरी दिव्याच्या रहिवाशाला ठाण्याचा आयोग पुरतो. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. पांच ते दहा लाखांपर्यंत दोनशें रुपये. मुदत दोन वर्षांची, व ती कारण घडल्या दिवसापासून मोजली जाते. 'पुढच्या महिन्यांत बघूं' या गोड आश्वासनांत ती सरून जाऊं देऊं नये. कायद्यानें निकालासाठीं तीन महिने, व तपासणी लागल्यास पांच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षांत याहून पुष्कळ अधिक काळ जातो, हें आधींच मनाशीं धरून चालावें. विक्रेत्याला अपील करावयाचें झाल्यास पंचेचाळीस दिवसांत करावें लागतें आणि ठरलेल्या रकमेपैकीं निम्मी आधीं भरावी लागते, त्यामुळें केवळ वेळ काढण्यासाठीं केलेल्या अपिलांना कांहीं आळा बसतो.

दिव्यांतील किती तरी तरुण स्वतःची टॅक्सी किंवा टेम्पो चालवून घर चालवितात. त्यांना विक्रेत्याकडून पुष्कळदां सांगितलें जातें कीं, तुमची गाडी धंद्याची, तेव्हां ग्राहक कायदा तुम्हांला नाहीं. हें सर्वस्वीं खरें नाहीं. केवळ स्वयंरोजगारानें उपजीविका करण्यासाठीं घेतलेली व वापरलेली वस्तु 'व्यापारी हेतू'च्या व्याख्येंतून कायद्यानेंच वगळली आहे. दहा गाड्या ठेवून चालक नेमणारा मालक निराळा. स्वतःच चालविणाऱ्या माणसाची गाडी चार दिवस आवारांत अडकली, तर त्या चार दिवसांची कमाई बुडते. तिचा हिशेब रोजच्या नोंदवहीसह तक्रारींत जोडतां येतो.